शुभ-लाभच्या खाली

यशवंतरावांनी तिसऱ्यांदा जुनाच पासवर्ड टाकला.

खाते बंद. तीस मिनिटांनी प्रयत्न करा.

बेल्याच्या या कापूस खरेदी केंद्रात कॉम्प्युटर एकच. लॉगिनही कालपर्यंत एकच, ऑपरेटर दामिनीच्या नावाचं. बयनाबाई कापसाचा ओलावा मोजून आकडा ओरडायची, दामिनी किंवा सचिव यशवंतराव तो टाकायचे. पासवर्ड दर दसऱ्याला, कॉम्प्युटरची पूजा झाली की, कपाटावर हळदीनं लिहायचा. शुभ-लाभच्या खाली.

आज ती ओळ पुसलेली. शुभ-लाभ तेवढं शिल्लक.

"पोरी, काऊन बंद पडलं हे?"

"पडलं नाही. मी केलं."

सकाळी लवकर येऊन केलं. तिघांची तीन खाती. तीन चुका, की कुलूप. पाच मिनिटं हात लागला नाही, की पडदा काळा. पेन ड्राइव्ह चालणार नाही. आणि कोण कधी बसलं, काय बदललं, सगळं ज्याच्या त्याच्या नावावर.

यशवंतराव हसले. आपण एका घरातली माणसं, म्हणाले, घरात कोणी डब्याडब्याला कुलूप लावतं का. मग हसू आवरलं. बाहेर गाड्या खोळंबल्या आहेत, होतं तसं कर.

दामिनीनं टेबलावर मेमो ठेवला. गेल्या महिन्याचा. शेतकरी भगवानरावांच्या कापसाचा ओलावा नोंदीत सोळा टक्के दाखवला गेला, बाराच्या वर म्हणून माल परत गेला. नोंद बदलणारी: दामिनी. त्या दिवशी दामिनी बहिणीच्या लग्नात, मुधोळला. असा अजून एक मेमो आला, की नोकरी गेली. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. संगणक सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ऑपरेटरची राहील.

"ठेवला."

"कोणाले विचारून?"

"खाली सही तुमचीच हाये."

पंख्याखाली मेमो फडफडला. कोणी धरला नाही.

यशवंतराव बयनाबाईकडे वळले. माझं राहू दे, तुझं खातं उघडून दे, म्हणाले, आजचं काम त्यातून करतो. बयनाबाईनं हातातलं ओलावा मोजायचं यंत्र खाली ठेवलं, बोटांना चिकटलेला कापूस लुगड्याला पुसला.

"त्या दिवशी म्या नऊ म्हणलं होतं, साहेब."

यशवंतराव खुर्चीतून उठले.

ती खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सकाळी दामिनीनं तिला पासवर्ड ठरवायला लावला होता, तो दामिनीलाही माहीत नाही. बयनाबाईनं एक बोट पुढं केलं, थांबली, आणि पदर ओढून कीबोर्डवर पसरला.

"तिकडं तोंड करा."

यशवंतराव कपाटाकडे वळले.

पदराखाली एक कळ वाजली. बऱ्याच वेळानं दुसरी.