धड एक, बाह्या सहा

नावांची यादी आजींनी न वाचताच बाजूला सारली. वर्गाची रीत अशी, की पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक स्पॅनिश नाव घ्यायचं आणि वर्ग संपेपर्यंत त्याच नावाने वावरायचं. बाकीच्यांनी यादीतली नावं चाचपून, एकमेकांना हसत निवडली. आजी म्हणाल्या, "माझं ठरलंय. पालोमा. आणि ते दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही."

घेतोय कोण! शाळा चौथीत सुटली तेव्हापासून आजी शिवणाच्या मशीनवर बसलेल्या, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार.

शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर 'आब्लार' लिहिलं. आब्लार म्हणजे बोलणं. शेवटचा 'आर' पुसायचा. उरल्याला 'ओ' जोडला की आब्लो, मी बोलते. 'आस' जोडलं की आब्लास, तू बोलतेस. मग तो, आम्ही, तुम्ही, ते. शिकलीसवरलेली पोरं तक्ते आखून घामाघूम झाली. आजींनी चष्म्यावरून फळ्याकडे पाहिलं.

"म्हणजे धड तेच. माणूस बदलला की बाही बदलायची. बाह्या सहा. एवढंच ना?"

बाईंनी मान डोलावली. दहा वर्षं त्या हेच शिकवत होत्या, पण त्यांना स्वतःलाही ते इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं.

खाण्याचं क्रियापद आलं, राहण्याचं आलं. शेवट वेगळे, तर बाह्याही जरा वेगळ्या. आजींनी तीन कापडं ओळखावीत तशी तिन्ही जातींची क्रियापदं बोटांनी ओळखली. मात्र घोकायच्या त्या 'मी' आणि 'तू' एवढंच. बाईंनी टोकलं, तर म्हणाल्या की तिसऱ्या माणसाचं त्यांच्याकडे काही काम नाही. पुढच्या वर्गात भूतकाळ आहे, नाव घालून ठेवू का, असं बाईंनी विचारलं. त्यावर आजींनी हात झटकला. मागचं नको, आत्ताचं पुरे.

वर्ग सुटला की त्या मागे थांबत. एकच शब्द वीस वेळा म्हणून घेत. ऐकणाऱ्याला आपण परक्या वाटता कामा नये, हा त्यांचा हट्ट. एकदा तर त्यांनी विचारलं, आवाज जरा कोवळा काढला तर चालेल का. बाई हसल्या. आजी हसल्या नाहीत.

हा खटाटोप कुणासाठी, हे शेवटी वर्गात येणाऱ्या बँकेतल्या कारकुनाने चिडवत विचारलंच.

"घरी एक बाळ होऊन बसलंय," आजी म्हणाल्या. "भरवावं लागतं, पुसावं लागतं, आणि बोलतं ते हीच एक भाषा. फार दिवस राहायचं नाही ते. तोवर मला उलट दोन शब्द बोलता आले पाहिजेत."

परदेशातलं नातवंड आलंय, हे वर्गाने ताडलं. दुसऱ्या दिवशी कारकुनाने एक लाकडी खुळखुळा आणून दिला. आजींनी तो निमूट पिशवीत टाकला आणि बाईंना विचारलं, वाट पाहण्याला काय म्हणतात.

"एस्पेरार. नियमातलंच आहे."

बाही आजींनी स्वतःच जोडली. एस्पेरो. मी वाट पाहते. त्या दिवशी त्यांनी दुसरा शब्द घेतला नाही.

मग आठ दिवस आजी आल्या नाहीत. एका दुपारी बाई पत्ता शोधत त्यांच्या घरी गेल्या. खोलीत शिवणाचं मशीन, खिडकीत तो खुळखुळा. पाळणा कुठेच नव्हता. खाटेवर एक वाळून गेलेला म्हातारा पडला होता. वर भिंतीवर लग्नाचा फोटो होता. खलाशाच्या कपड्यांतला तरुण, शेजारी करारी चेहऱ्याची नवरी. हनुवटीवरून आजी लगेच ओळखू आल्या.

आजी चमच्याने पेज ढवळत हळू आवाजात सांगू लागल्या. मेंदूला झटका बसला आणि यांची आपली भाषा पार पुसली गेली. तरुणपणी जहाजावर असताना उचललेली तेवढी उरली.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. हात हवेत काहीतरी चाचपू लागला.

"पालोमा? एस्पेरास?"

तू वाट पाहतेस? बाईंनी नकळत मनात अर्थ लावला.

आजींनी चमचा खाली ठेवला, तो हात आपल्या हातात घेतला. "एस्पेरो," त्या म्हणाल्या. आवाज विशीतल्या मुलीचा होता आणि त्यात परकं काहीच नव्हतं. म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या. तो झोपला.

आपल्या फळ्यावरचं एक साधं क्रियापद इथवर येऊन एवढं काम करतंय, हे बाईंना झेपेना. त्या म्हणाल्या, "किती सुंदर नाव ठेवलंय त्यांनी तुमचं."

आजींनी त्याचे ओठ पुसले, चादर नीट केली.

"मला ते जन्मभर 'अगं' म्हणत आले," त्या म्हणाल्या. "पालोमा कोण, ते मला अजून ठाऊक नाही."