गाण्याचा शेवट

आमच्या वाशीच्या सोसायटीतल्या पोरांच्या बँडची पहिली कॅसेट बाबांनी कौतुकानं लावली. गिटारच्या दणदणाटात जयेंद्र त्याच्या-माझ्यावरचंच गाणं ओरडून म्हणत होता. गाण्यात नाव कुणाचंच नव्हतं. पण रेकॉर्डिंगच्या वेळी गाण्यानंतर टेप बंद करायचा राहिला आणि माझा आवाज त्यात आला: “जयेंद्र, हात सोड ना.” मला हे कळलं तेव्हा कॅसेटी घरोघर गेल्या होत्या. ताईचं कॉलेज बाबांनी याहून साध्या कारणावरून बंद केलं होतं. शेवटचं कडवं आलं. मी मेथीची पानं टाकून काड्याच ताटात ठेवत होते. तेवढ्यात आईनं येऊन रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि विचारलं, “अहो, चहा टाकू?” “अगं, गाणं पुसलंस की.” “आवाज कमी करायला गेले.” माझ्याकडे न बघता ती आत गेली. वरच्या मजल्यावर तेच गाणं लागलं. बाबांनी पंखा बंद केला. “शेवट ऐकायचा राहिलाय.”