वरची ओळ

वरची ओळ आली आणि स्पीकरमधून पत्रा फाटल्यासारखा आवाज निघाला. मुलाने गाणं मागे नेलं, परत लावलं. परत तेच. पडद्यावर त्या ओळीच्या लाटा वरून सपाट कापलेल्या दिसत होत्या.

"आवाज कमी कर ना जरा," मागून आई म्हणाली.

"कमीच केलाय, आई. रेकॉर्ड करतानाच फाटलाय. आता कितीही खाली आणला तरी फाटलेलाच ऐकू येणार. लेव्हलच्या वर गेलेलं मशीन ठेवतच नाही."

बाबा शेजारच्या खुर्चीत होते, गळ्याला पट्टी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी हे गाणं मुलाच्या या स्टुडिओतच गायलं होतं. मग डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, एवढंच.

येणाऱ्या प्रत्येक गायकाला मुलगा आधी सगळ्यात चढी ओळ गायला लावायचा आणि त्यावर लेव्हल, म्हणजे माइकने आवाज किती घ्यायचा ते, ठरवायचा. भल्याभल्यांची त्याने गय केली नव्हती. पण त्या दिवशी बाबा नुसते गुणगुणले आणि याने त्यावरच लेव्हल लावली. दुखऱ्या गळ्याच्या बापाला 'जोरात गाऊन दाखवा' म्हणणार तरी कुठल्या तोंडाने? हा गळा आता एवढा चढेल असं त्याला वाटलंही नव्हतं. बाबांनी मात्र त्या ओळीत असेल नसेल ते सगळं ओतलं.

"मग तेव्हाच कसं नाही कळलं तुला?"

"रडत होतो."

मुलाने पुन्हा गाणं लावलं. बाबा गुडघ्यावर ताल धरून होते. ओळ फाटली तसा त्यांचा हात थांबला. मुलाची नजर पडद्यावरच होती. रोज दहा जणांना म्हणायचा तसं तो सवयीने म्हणून गेला, "बाबा, एवढी ओळ परत घेऊ या."

आणि त्याने जीभ चावली.

बाबा उठले. आईने धरलेला हात त्यांनी सोडवला. काचेपलीकडच्या खोलीत जाऊन हेडफोन चढवले, माइकसमोर उभे राहिले आणि 'लाव' अशी मान हलवली.

मुलाला नाही म्हणवेना. त्याने लेव्हल खाली आणली, वर भरपूर जागा सोडली आणि गाणं सुरू केलं. ओळ आली. बाबांनी डोळे मिटून तोंड उघडलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

पडद्यावर तळाशी श्वासाची बारीक रेघ उमटत राहिली.