कडेने धर

जुनं नाणं कडेने धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, घामाने धातू काळवंडतो. हे बायकोला तीस वर्षं सांगून माझा घसा कोरडा पडला. ती मुद्दाम अंगठा टेकवायची. म्हणायची, "मला कधी इतकं जपून धरलंत का?"

ती वारल्यापासून नाण्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते. तरी रोज दुपारी आतल्या, जुन्या ट्रामच्या तांब्याच्या टोकनावर अंगठ्याचा ताजा ठसा दिसतो. आधी पुसायचो. आता पुसवत नाही.

आज भिंग घेऊन ठशावर वाकलो आणि सवयीने पुटपुटलो, "अगं, कडेने धर की."

माझ्या दोन्ही कानशिलांना थंड बोटं लागली. अगदी जपून, कडेने. मग त्यांनी माझा चेहरा हळूच उजेडाकडे कलता केला.