चौथा नंबर

“दादा, पॅड बांध. पुढची विकेट पडली की चौथ्या नंबरवर तू जायचं,” आमचा सव्वीस वर्षांचा कर्णधार म्हणाला.

दिवसभरात तेवीस षटकं टाकून मी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलो होतो. चौदा सीझन रणजी खेळलो, कायम सातव्या नंबरवर. ‘तू ऑलराउंडर, तुला बोलिंगही करायचीय,’ असं म्हणत प्रत्येक कर्णधाराने मला खालीच ठेवलं. चौथा नंबर मी चौदा वर्षं मागत होतो. बर्फ बाजूला टाकला, गुडघा विसरलो.

पॅडचा पट्टा ओढताना घड्याळाकडे लक्ष गेलं. खेळ संपायला वीस मिनिटं होती. नेहमी चौथा जाणारा आमचा फलंदाज बूट काढून आरामात केळं खात बसला होता. मग कळलं. संध्याकाळी चांगला फलंदाज जपायचा आणि गेला तरी चालेल अशा एखाद्या बोलरला पुढे धाडायचं. नाइट वॉचमन. आजवर हे काम आमचा लेगस्पिनर करायचा.

विकेट पडली. गेलो. पाच षटकं कशीबशी काढली. एक चेंडू बरगडीत बसला, एक अंगठ्यावर. नाबाद परतलो.

कर्णधाराने पाठ थोपटली. “काम झालं, दादा. आता उद्या सकाळी पहिल्या बॉलला आऊट झालास तरी हरकत नाही.”

“बरं,” म्हणालो.

चौदा वर्षांत कुठल्याही कर्णधाराने माझ्याकडून इतकं कमी मागितलं नव्हतं.