कोंडवाड्याची गोष्ट

गावच्या शाळेच्या पटांगणात देवराव मास्तरांनी पुस्तकाची फीत सोडली आणि न उघडताच ते डोक्याच्या वर धरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "हे लिहिणारी जमनी माझीच विद्यार्थिनी," मास्तर माइकवर म्हणाले, "आणि पोरांनो, यातली एकेक गोष्ट खरी आहे. इतिहासातली. माझी हमी."

प्रकाशनाला बोलावलेला पाहुणा पुस्तक वाचून येत नाही, हे जमनीला पक्कं ठाऊक होतं. तिनं सगळा डाव त्यावरच मांडला होता.

कापसाचे ते वाईट दिवस. कॅमेरेवाले गावात यायचे, कपाशीची दशा विचारायचे, डोळे पुसणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे आणि गाडीत बसून निघून जायचे. पुस्तक घेऊन कोणी आलं नव्हतं. तरी पोरं वेचणीला जातील म्हणून जमनीनं मुद्दाम बोरी अरबच्या बाजाराचा दिवस धरला. त्या दिवशी वेचणी बंद असते. गाव आलं, पलीकडचा बंजाऱ्यांचा तांडाही आला. तांडा नेहमीसारखा मागे, चपलांजवळ बसला.

याच शाळेत चौथीत असताना जमनीनं तांड्यातल्या आपल्या आजीकडून, मानीबाईकडून, ऐकलेली गोष्ट वर्गात सांगितली होती. दुष्काळात लखीराम नाईकाचा तांडा मिठाचे बैल घेऊन या गावाजवळून चालला होता. तहानलेल्या बैलांनी पाटलाच्या विहिरीकडे तोंड वळवलं. पाटलानं सगळे बैल कोंडवाड्यात घातले आणि पाणी पाजायची मनाई केली. बैल तिथंच मेले. ओझं वाहायला कोणी उरलं नाही, म्हणून तांडा होता तिथंच बसला, तो आजवर. गोष्ट संपली तशी देवराव मास्तरांनी पोरीच्या कानाखाली काढली. वर अख्ख्या वर्गासमोर 'मी खोटं बोलले' असं म्हणायला लावलं. तो पाटील मास्तरांचा आजा होता.

जमनी यवतमाळला शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि मुलांसाठी इतिहासातल्या खऱ्या गोष्टी लिहू लागली. लोक म्हणत, बाईला लेकरांची किती माया! कसली माया अन् कसलं काय. तिला एकच गोष्ट छापून हवी होती, नावागावासकट, आणि खरी म्हणून. त्यासाठी तिनं तीन तांड्यांतल्या म्हाताऱ्यांना वेगवेगळं बसवून विचारलं. ज्यावर त्यांचं जुळलं नाही, ते गाळून टाकलं. पुस्तकातल्या बाकीच्या गोष्टी तिनं या एका गोष्टीला वाहून आणायला जुंपल्या होत्या.

वाचायला तिनं गौरीला उभं केलं. गौरी सातवीतली, मास्तरांची नात. शाळेत सगळ्यांत छान तीच वाचते, हे कारण सगळ्यांना पटलं. जमनीचं कारण वेगळं होतं आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

पोरीनं सुरेख वाचलं. बैल कोंडवाड्याच्या भिंती चाटत होते, तिथं ती हळू वाचू लागली. मागे तांड्यातल्या बायांनी पदर तोंडाला लावले. मग पाटलाचं नाव आलं, यादवराव. गौरी थांबली आणि मागे वळली.

"आबा, हे आपलेच यादवराव होय?"

जमनी खुर्चीत पुढे सरकली. एवढ्यासाठी ती तीस वर्षं आतल्या आत जळत आली होती. आता म्हातारा खोटं आहे म्हणेल, आणि मग त्याचीच हमी त्याच्या घशात घालायची.

मास्तरांनी माइककडे पाहिलंही नाही. "होय," ते म्हणाले. "खरं हाये, बाई. मले माह्या आजानंच सांगतलं होतं."

जमनी उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "म्हंजे तवा तुमाले माहीत होतं?"

"माहीत होतं," मास्तर खाली पाहत म्हणाले, "म्हनून तर मारलं."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, मास्तरांना ती गोष्ट खरंच खोटी वाटली असेल. त्या एका शक्यतेपुरती तिनं मनात माफीला थोडी जागा ठेवली होती. आता तीही राहिली नाही.

"हे बी पुस्तकात येईन, सर," ती सावकाश म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत. तुमच्या नावासकट. पोराईले खरी गोष्ट पाह्यजे."

मास्तरांनी मान डोलावली.

गौरी दोघांच्या मधे उभी होती, पुस्तक छातीशी धरून. "मॅडम," तिनं विचारलं, "त्याच्यात मी बी येईन काय?"

म्हाताऱ्यासाठी जमनीजवळ तीस वर्षांची उत्तरं साठली होती. या पोरीचा तिनं विचारच केला नव्हता. येशील, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"मंग असं लिहा," गौरीनं बाहीनं नाक पुसलं, "का मी अर्ध्यात थांबली नाही."

आणि पुस्तक उघडून तिनं यादवराव पाटलाचं नाव पुन्हा वाचलं. या वेळी चपलांजवळ बसलेल्यांनाही नीट ऐकू गेलं.