चिकट सर

संध्याकाळी विभाग रिकामा झाल्यावर विभागप्रमुख बाईंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि चिमूटभर मीठ सरांच्या काचेच्या चंबूत टाकलं.

रसायनशास्त्राच्या या विभागात सरांची हयात गेली होती. बाई त्यांच्याच विद्यार्थिनी. तरुणपणी सरांनी एक नवा रेणू बनवला. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. पण चंबूत उरायचा तो मधासारखा दाट, चिकट रस. त्याचे स्फटिक झाले तरच क्ष-किरणांनी आतली रचना दिसणार, आणि स्फटिक काही होत नव्हते. थंड करून झालं, द्रव बदलून झाले, काच खरवडून झाली. परिषदांमध्ये लोक गालात हसले. मुलांनी नाव पाडलं, चिकट सर. घरी बायको विचारायची, "सवत काय म्हणतेय आज?"

वर्गात मात्र सर खडू खाली ठेवून म्हणायचे, "कोट्यवधी रेणू नुसती धक्काबुक्की करतायत. मग एक क्षण असा येतो, की प्रत्येकाला आपली जागा कळते. कोण सांगतं रे त्यांना?" त्या एका प्रश्नापायी बाई या विषयात आल्या होत्या.

उद्या सर निवृत्त होणार होते. तळाशी काहीतरी चमकताना त्यांना दिसावं, समाधानानं घरी जावं, मग चंबू धुऊन टाकायचा. बाईंचा बेत एवढाच.

सकाळी सरांनी चंबू खिडकीशी धरला.

"अगं, इकडे ये. मला दिसतंय ते तुलाही दिसतंय ना?"

"दिसतंय, सर." बाईंनी चंबूकडे पाहिलंच नाही.

"चल, क्ष-किरण खोलीत."

बाई वाटेत आडव्या आल्या. "आत्ता कशाला? समारंभाला सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. मी जन्मभर खोळंबलोय."

यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञानं एक कण उचलून त्यात बसवला. बातमी पसरली. सरांची बायको धापा टाकत आली, पाठोपाठ अख्खा विभाग. दारात उभं राहायला जागा उरली नाही. सर पडद्यासमोर उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखे.

बाईंना ते बघवेना. आता या सगळ्यांसमोर सरांचं हसं होणार होतं.

"सर, थांबा. ते मीठ आहे. काल मीच टाकलं. तुम्ही असे रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून..."

सरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"वेडी आहेस," ते हळूच म्हणाले आणि खुर्ची चाचपत खाली बसले.

तंत्रज्ञानं पडद्यावरची नजर काढली नाही. त्याचा आवाज बदलला होता.

"मीठ आहे, बाई. मधोमध, एवढासा कण. पण त्याच्या अंगावर सरांच्या रसाचे जे स्फटिक वाढलेत, ते आजवर जगात कुणीच पाहिलेले नाहीत."